स्वीडनची दिवाळी : सात रात्री, आठ दिवस

स्वीडनमध्ये सण आदल्या दिवशी असतो. कॅलेंडरात शनिवार लाल अक्षरात छापलेला असला, तरी नाच, गाणी, जेवण, पिणं सगळं शुक्रवारी उरकलेलं असतं आणि शनिवारी अख्खा देश दारं लावून झोपतो. ही एवढी साधी गोष्ट मला पहिल्या सहलीच्या आधी कुणी सांगितली असती तर पुढचं बरंच काही टळलं असतं, असं मला हल्ली वाटतं.

सिंगापुरात, तोआ पायोहच्या एका जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, दाताच्या दवाखान्याला लागून आमची ट्रॅव्हल एजन्सी होती. तिथे मी बावीस वर्षं उत्तर युरोपातल्या सणांच्या सहली काढल्या. ब्रोशरवर 'विभागप्रमुख' असं छापलेलं असायचं. विभाग म्हणजे मी, माझा फोन आणि एक लोखंडी कपाट. मालक मिस्टर गोह. माणूस सरळ, बोलायला तुटक, आणि जेवणाच्या वेळेला पक्का.

सिंगापुरात ऋतू नाहीत. बारा महिने तोच उकाडा, तीच हिरवळ, सात वाजता उजाडणार आणि सात वाजता मावळणार. इथे वीस वर्षं राहिलेल्या माणसाला ऋतू पाहायची भूक लागते आणि ती भूक मी भागवायचे. एप्रिलच्या शेवटी डोंगराएवढ्या होळ्या पेटवून थंडीला निरोप देतात, तो सण. जूनमध्ये पानाफुलांनी मढवलेला उंच खांब उभारून त्याच्याभोवती बेडकासारख्या उड्या मारत नाचतात, तो सण. ऑगस्टमध्ये कागदी टोप्या घालून लालभडक चिंगाट्या सोलत बसतात. त्या सहलीला आमचे शाकाहारी लोक येऊन वर तक्रार करायचे, म्हणून ती मी दोनदाच काढली. डिसेंबरात डोक्यावर पेटत्या मेणबत्त्यांचा मुकुट घालून मुली गात येतात. तो पाहताना आमच्या बायकांचं अर्धं लक्ष गाण्याकडे आणि अर्धं त्या मुलीच्या केसांना आग लागते का याकडे.

टूर मॅनेजर म्हणजे छत्री उंच धरून पुढे चालणारी बाई, असं लोकांना वाटतं. छत्री धरणं हे त्यातलं सगळ्यात सोपं काम. खरं काम म्हणजे पंचवीस माणसांना घाबरू न देणं. बस चुकली, बॅग दुसऱ्या देशात गेली, हॉटेलवाल्याने खोल्या कमी ठेवल्या, तरी चेहरा हलू न देता 'आपलं असंच ठरलं होतं' म्हणायचं. बस पाच मिनिटांवर आहे. जेवणात डुक्कर नाही. हा पाऊस थांबेलच. या वाक्यांवर धंदा चालतो. त्याला आम्ही खोटं म्हणत नाही, ग्रुप सांभाळणं म्हणतो.

हे मी शिकले पहिल्याच सहलीत. जूनचा तो खांबाचा सण शनिवारचा, असं कॅलेंडरात पाहून मी ग्रुप शनिवारी सकाळी उतरवला. गावात चिटपाखरू नाही. दुकानं बंद, हॉटेलचं स्वयंपाकघर बंद, रस्त्यावर फक्त आदल्या दिवशीची चुरगळलेली फुलं. एका पेट्रोल पंपावर केळी आणि उकडलेली अंडी मिळाली. तेवढं सोडलं तर चोवीस जणांनी सिंगापूरच्या टॅम्पिनीस भागातल्या शहा कुटुंबाच्या थेपल्यांवर दिवस काढला. कुणीतरी विचारलं, "शैलाताई, सण कुठाय?" माझ्या तोंडातून निघालं, "आज इथे शांततेचा दिवस असतो. सण उद्या." मग मी हॉटेलच्या मालकिणीच्या अक्षरशः हातापाया पडले. रविवारी दुपारी ती, तिची नणंद आणि नणंदेचा अकॉर्डियन वाजवणारा नवरा पारंपरिक कपडे घालून आले, सुकत चाललेल्या खांबाला चार ताज्या फांद्या बांधल्या आणि माझ्या चोवीस माणसांसाठी सण पुन्हा एकदा झाला. शहाकाका घामाने निथळेपर्यंत नाचले. आजवर त्यातल्या कुणालाही कळलेलं नाही की त्यांनी पाहिला तो शिळा सण होता.

मी सिंगापूरला परतले ती एक गोष्ट मनाशी धरूनच. नसलेली गोष्ट नीट उभी करून दिली, तर माणूस आनंदाने घरी जातो. त्यात नुकसान कुणाचंच होत नाही. या कसबाचा मला अभिमान होता, आणि खरं सांगायचं तर अजूनही थोडा आहे. म्हणूनच पुढचं लिहिणं जड जातंय.

नोव्हेंबरच्या सुरुवातीच्या एका शनिवारी तिकडे सगळ्या मृतांचा दिवस येतो आणि हा मात्र त्याच दिवशी पाळतात. लोक दफनभूमीत जाऊन आपापल्या माणसांच्या कबरींवर मेणबत्त्या लावतात. दुपारी चारला अंधार पडतो आणि मग झाडांखाली नजर पोचेल तिथवर हजारो ज्योती. मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. पण सिंगापूरला येईपर्यंत काट्याचं ब्रोशर झालं. दिवाळी त्याच सुमाराला असते, दिवे इथेही आणि तिथेही, मग काय हवं? मी नाव दिलं 'स्वीडनची दिवाळी : सात रात्री, आठ दिवस'.

मिस्टर गोहनी ब्रोशर टेबलावर उलटं ठेवलं. चिनी लोकांचा मृतांच्या बाबतीत कडक शिस्तीचा कारभार असतो.

"शैला आ, दिस वन कॅनॉट लाह," ते म्हणाले. "हू वाँट टु गो होलिडे, सी अदर पीपल्स डेड?"

"इट इज अ फेस्टिवल ऑफ लाइट्स, मिस्टर गोह."

"लाइट फॉर हू? फॉर डेड पीपल. यू टेल देम प्रॉपरली."

मी नीट सांगितलं नाही. ब्रोशरवर ज्योतींचा फोटो टाकला आणि कबरी कापल्या. स्टॉकहोममधल्या मोठ्या दफनभूमीत बस लावायला जागा मिळत नाही, म्हणून उत्तरेला तासाभरावरचं एक लहान गाव निवडलं. बायका पैठण्या नेसून आल्या. लोकांनी थडग्यांशेजारी उभं राहून सेल्फी काढले, एकाने मोतीचुराचे लाडू वाटले. एक स्वीडिश म्हातारा आमच्याकडे बघत राहिला आणि आपली मेणबत्ती लावून निघून गेला. मला लाज वाटली, पण सहल चालली. मी ती सलग काही वर्षं नेली. मधे कोविडने खंड पडला आणि सीमा उघडल्यावर पुन्हा सुरू केली.

त्या पुन्हा सुरू झालेल्या सहलीत पाटणकर नवरा-बायको होते. नाव मी बदललं आहे. हे लिहिण्याआधी विजयाताईंना मेसेज केला होता. 'लिही' एवढंच उत्तर आलं.

पाटणकर बोटीवर चीफ इंजिनिअर होते. निवृत्त होऊन सिंगापुरातच ईस्ट कोस्टला कॉन्डोत राहायचे. पॅकेटवरच्या सूचना शेवटपर्यंत वाचणारा माणूस. विजयाताई इथल्या मराठी मुलांना संध्याकाळी गणित शिकवायच्या; बोलणं मोजकं, आवाज खणखणीत. आमच्या मराठी ग्रुपवर मी ब्रोशर टाकलं आणि दुसऱ्या दिवशी त्या स्वतः ऑफिसात आल्या, दोन जागा घेतल्या. त्यांचा एकुलता एक मुलगा अनिरुद्ध युरोपात कुठेतरी संशोधन करत होता आणि कोविडच्या काळात गेला, एवढं मला उडत उडत कळलेलं होतं. इथली मराठी मंडळी ती किती, कानावर येतंच. कुठे गेला, कसा गेला, हे मी विचारलं नाही. सणाच्या सहलीला आलेल्या बाईला असलं काय विचारायचं, म्हणून गप्प बसले. विचारायला हवं होतं.

सहलीच्या चौथ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, नाश्त्याच्या वेळी विजयाताई माझ्या टेबलाशी आल्या. हातात कापडी पिशवी. पिशवीतून त्यांनी तांब्याचा लहानसा कलश काढला. त्याच्या तोंडाला लाल कापड बांधलं होतं.

"शैला, उद्या आपण जातोय ना, त्याच गावात आमचा अनिरुद्ध असायचा," त्या म्हणाल्या. "त्याचं सगळं तिथेच झालं. मार्चमध्ये तळ्याचं बर्फ फुटलं आणि तो आत गेला. सिंगापुरातून कुणाला निघता येत नव्हतं. आम्ही फोनवर पाहिलं. अस्थी तिथल्या दफनभूमीच्या ऑफिसात ठेवल्यात. तुझं ब्रोशर पाहिलं, गावाचं नाव वाचलं आणि ठरवलं, आता घेऊनच यायचं. तू तिथल्यांना ओळखतेस. मला तेवढं मिळवून दे."

मी हो म्हटलं. त्यात अवघड काही दिसत नव्हतं. कागदपत्रं कोणाकडे आहेत विचारलं, तर त्या म्हणाल्या, "यांच्याकडे. सगळा पत्रव्यवहार यांनीच केला. त्या मुलीशी मी बोललेले नाही." ती मुलगी म्हणजे एल्सा. अनिरुद्ध तिच्यासोबत राहत होता.

विजयाताई खोलीत गेल्यावर मी पाटणकरांना गाठलं. ते कॉफीच्या यंत्रासमोर उभे होते, कप रिकामाच. मी कागद मागितले. त्यांनी खिशातून घडी केलेला एकच कागद काढला. किती वेळा घडी केली होती कोण जाणे, मधोमध फाटत आला होता. दफनभूमीचं पत्र होतं, अनिरुद्धची राख स्मरणाच्या बागेत मिसळून झाल्याचं.

तिकडे एक पद्धत आहे. ज्यांना स्वतंत्र कबर नको असते त्यांच्यासाठी दफनभूमीत एक बाग राखलेली असते, स्मरणाची. तिथे राख मातीत मिसळतात ते तिथले कर्मचारी. नातेवाइकांना बोलावत नाहीत. कोणाची राख नेमकी कुठे, हे नंतरही सांगत नाहीत. दगड नाही, नाव नाही. कुणाची कबर कुणी सांभाळायची हा प्रश्न उरत नाही आणि सगळे सारखे. दिवे आणि फुलं सगळ्यांनी मिळून एकाच जागी ठेवायची. एकदा ठेवलेली राख परत मिळत नाही. हे मी दर वर्षी ग्रुपला दोन वाक्यांत सांगायचे आणि लोक 'किती छान कल्पना' म्हणून पुढे जायचे.

"एल्साने फॉर्म पाठवला होता," पाटणकर म्हणाले. "इंग्लिशमध्ये पण होतं. स्मृती-उद्यान. मला वाटलं, सिंगापुरात अस्थी ठेवायला कप्पे असतात तसं काहीतरी असेल, झाडंबिडं असतील. नंतर जाऊन घेऊन येऊ. बर्फातून काढलेल्या पोराचे फोटो आले होते त्याच दिवशी. मी सही केली." थोडं थांबून ते म्हणाले, "आयुष्यात एकाच कागदावर न वाचता सही केली, शैलाताई."

"विजयाताईंना सांगितलं नाहीत?"

"पत्र आल्यावर कळलं. तोवर झालं होतं. तिला काय सांगू? तीन वर्षं ती एकच बोलते, त्याला घरी आणायचंय. मी सांगितलं ना, तर ती माझ्याकडे पुन्हा बघणार नाही." मग त्यांनी माझा हात धरला. तरुणपणी इंजिनरूममध्ये भाजलेला, खरबरीत हात. "तुम्ही काहीतरी करा. तुम्हाला जमतं. काहीही द्या तिला. साधी राख द्या."

मी त्यांना तिथेच 'नाही' म्हणायला हवं होतं. विजयाताईंना समोर बसवून, कागद पुढे ठेवून, सांगायला हवं होतं. सांगण्याचं काम माझं नव्हतं म्हणा, पण निदान असलं काही करायला नकार देणं तरी माझ्या हातात होतं. मला आठवला तो शिळा खांब आणि घामाने निथळलेले शहाकाका. मी मनात म्हटलं, बाईला कलश भरून मिळाला की ती शांत होईल. कुणाचं काय जातंय?

हॉटेलच्या बैठकीच्या खोलीत मोठी शेकोटी होती, तिच्यात बर्चची लाकडं जळायची. दुपारी मी रिसेप्शनवरच्या बाईंकडे गार राख मागितली. कशाला, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, आमच्याकडे राखेने भांडी घासतात. त्यांना हे फार पर्यावरणपूरक वाटलं. कागदी पिशवी भरून दिली. खोलीत जाऊन दार लावलं, न्हाणीघरात टॉवेल अंथरला आणि चहाच्या गाळणीने राख चाळायला बसले. कोळशाचे तुकडे, एक अर्धवट जळालेला खिळा, सगळं बाजूला काढलं. खाली उरली ती करडी, मऊ, अगदी खरी वाटणारी राख. मी ती प्लास्टिकच्या डब्यात भरली, डब्यावर पांढरी पट्टी लावली आणि पट्टीवर अनिरुद्धचं नाव आणि एक खोटा नंबर लिहिला. नंबर एका दमात, चांगला सुवाच्य लिहिला. ते मला आजही आठवतं आणि स्वतःचीच किळस येते.

शनिवारी साडेतीनला आम्ही गावात पोचलो. अंधार उतरत होता. मी ग्रुपला मेणबत्त्या वाटल्या, तासाभराने बसशी जमायला सांगितलं. विजयाताईंना घेऊन त्या स्मरणाच्या बागेपाशी आले, कारण तिथेच एक बाक होता आणि ऑफिसची इमारत तिथून दिसायची.

"ऑफिस सणामुळे बंद आहे," मी सांगितलं. एवढंच खरं होतं. "पण मी बोलून ठेवलंय. मागच्या दाराने देतील. तुम्ही इथे बसा, थंडीत चालू नका."

त्या बाकावर बसल्या, कलश मांडीवर. पाटणकर दूर एका झाडाखाली उभे राहिले. बागेच्या मधोमध एका मोठ्या सपाट दगडावर शेकडो मेणबत्त्या जळत होत्या. लोक येत, मेणबत्ती ठेवत, थोडा वेळ उभे राहत, निघून जात. आमच्या जवळच एक तरुण मुलगी गुडघ्यावर बसून ओली पानं बाजूला करत होती.

"हे सगळे एकाच जागी का लावतायत गं?" विजयाताईंनी विचारलं.

"ज्यांची कबर नाही, त्यांचे दिवे आहेत," मी म्हटलं.

"म्हणजे कुठे पुरलंय तेही ठाऊक नाही?"

"नाही."

"अरेरे," त्या म्हणाल्या. "बिचारे आईबाप. आपल्या अनिरुद्धचा निदान नाव घातलेला डबा आहे."

त्यांनी हातातली मेणबत्ती त्या मुलीला देऊ केली. 'तुझ्याच कोणाला लाव,' असं खुणेने सांगितलं. मग त्या दिव्यांकडे पाठ करून, ऑफिसच्या दाराकडे तोंड करून बसल्या. त्यांना डबा येताना दिसायला हवा होता. मी इमारतीच्या मागे गेले, बंद दाराशी सात-आठ मिनिटं उभी राहिले, पिशवीतून डबा काढला आणि परत आले.

विजयाताईंनी डबा दोन्ही हातांत घेतला. वर-खाली करून पाहिला.

"इतकाच?"

"इकडे दळून देतात," मी म्हटलं. मी हा शब्द एका आईसमोर वापरला.

त्या रडल्या नाहीत. डबा छातीशी धरून बसल्या. म्हणाल्या, "चल रे, घरी जाऊ." मला वाटलं त्या नवऱ्याला म्हणतायत. त्या डब्याशी बोलत होत्या. मी घड्याळ दाखवून त्यांना उठवलं. तिथल्या कुणी बोलायला येऊ नये, काही विचारू नये, याची मला घाई होती. "थोडं बसू दे गं, इथे बरं वाटतंय," त्या म्हणाल्या होत्या. मी सांगितलं, बस निघेल. बस माझ्याशिवाय निघणार नव्हती.

सिंगापूरला परतल्यावर त्यांनी सगळं यथासांग केलं. अकरा दिवस तो कलश अनिरुद्धच्या खोलीत राहिला, समोर समई. मग एका रविवारी सकाळी बोट ठरवली. इथे समुद्रात ठरलेल्या जागी नेऊन राख सोडता येते. गुरुजी होते, दोन-तीन घरची माणसं होती आणि आग्रहाने बोलावलेली मी. गुरुजी मंत्र म्हणत होते तेव्हा पाटणकर बोटवाल्याला इंजिनाचा आवाज असा का येतो ते विचारत होते. विजयाताईंनी लाल कापड सोडलं, मूठ भरली, पाण्यात सोडली. राख पाण्यावर पसरली आणि एका स्वीडिश हॉटेलच्या शेकोटीतलं लाकूड जहाजांच्या मधून वाहत गेलं. विजयाताई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुझे उपकार कसे फेडू?" मी त्यांच्या पायांकडे बघत राहिले. त्यांच्या चपलेवर थोडी राख सांडली होती.

त्यानंतर त्या खरोखरच निवळल्या. पुन्हा मुलांना शिकवायला लागल्या, भिशीला यायला लागल्या. मी स्वतःला सांगितलं, बघ, जमलं. आणि ते जमलं होतं म्हणूनच पुढचं घडलं. मन निवळलेल्या बाईला आठवलं की, ज्या मुलीने आपल्या मुलाची राख इतकी वर्षं सांभाळली, तिला आपण साधे धन्यवादही दिलेले नाहीत. विजयाताईंनी नवऱ्याच्या मेलमधून पत्ता शोधला आणि एल्साला लिहिलं.

दहा-बारा दिवसांनी, सकाळी अकराच्या सुमारास, त्या आमच्या ऑफिसात आल्या. एकट्या. समोरच्या खुर्चीत बसल्या आणि फोन माझ्यापुढे ठेवला. एल्साचं उत्तर होतं, साधं, प्रेमाने लिहिलेलं. तुमच्या पत्राने मी खूप रडले, पण मला समजलं नाही. डबा कुठलाच नाही. अनिरुद्ध बागेत आहे. कुठे, ते मलाही सांगत नाहीत. ती वाट त्याची रोजची होती, सायकलने तिथूनच जायचा. एकदा म्हणाला होता, इथे कुणाचं नाव नाही हे किती बरं आहे. म्हणून मी ती जागा निवडली. मी दर वर्षी त्या दिवशी तिथे असते. तुम्ही आला होतात का? मला का नाही कळवलं?

वाचून झाल्यावर मी फोन टेबलावर ठेवला.

"ते काय होतं?" विजयाताईंनी विचारलं. त्यांचा आवाज नेहमीसारखाच खणखणीत होता. दाताच्या दवाखान्यात बसलेल्यांनाही ऐकू गेला असणार.

"बर्चचं लाकूड. हॉटेलच्या शेकोटीतलं."

"यांना माहीत होतं?"

"हो."

"कुणाची कल्पना?"

"राखेची त्यांची. बाकी सगळी माझी."

त्यांनी मान हलवली. गणिताचं उत्तर तपासून झाल्यावर हलवतात तशी. मग विचारलं, "मी बाकावर बसले होते, तिथून तो किती लांब?"

"माहीत नाही, विजयाताई. कुणालाच माहीत नाही. पाच पावलं असेल, नाहीतर शंभर."

"म्हणजे मी त्याच्याकडे पाठ करून बसले होते."

मी माफी मागितली. काय शब्द वापरले ते आठवत नाही, आठवण्यासारखे नसणार. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. पाठीमागे मिस्टर गोह प्रिंटरशी काहीतरी खुडबुड करत होते, ते उठून बाहेर गेले आणि दार लोटून घेतलं.

"तू माझं सांत्वन केलंस की नाही, ते राहू दे," विजयाताई म्हणाल्या. "मला मुलाजवळ एकदा बसायचं होतं. मी बसले होते. मला तेवढं कळू द्यायचं होतंस."

एवढं बोलून त्यांनी पर्समधून पासपोर्ट काढला. "येत्या नोव्हेंबरातल्या त्या शनिवारचं तिकीट काढ. एकटीचं."

"मी बरोबर येते. माझ्या खर्चाने..."

"तू येऊ नकोस. ग्रुपबिप काही नको. यांनाही नेणार नाही. मला फक्त कसं जायचं ते लिहून दे."

मी बावीस वर्षांत शेकडो कार्यक्रमपत्रिका लिहिल्या होत्या. 'रम्य', 'अविस्मरणीय', 'आरामदायी' हे शब्द माझ्या बोटांत बसले होते. त्या दिवशी कोरा कागद घेतला आणि हाताने लिहायला बसले. आगगाडी कुठून, बस कुठून. सणाच्या दिवशी बस दर तासाला एकच, चुकली तर बसायला निवारा नाही. दुकानं बंद असतील, खायला बरोबर न्यावं. ऑफिसात कुणी भेटणार नाही. चारला अंधार पडतो. जमीन ओली आणि घसरडी असते, काठी असावी. मुख्य फाटकातून सरळ, दुसऱ्या वळणाला डावीकडे बाग. दिवा सपाट दगडावर लावायचा. त्यापुढे काय लिहावं ते सुचेना, म्हणून लिहिलं, 'तो नेमका कुठे आहे ते कुणीही सांगू शकणार नाही.' आणि कागद त्यांच्यापुढे सरकवला.

विजयाताईंनी चष्मा लावला, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. मग फोन उचलला. स्वीडनमध्ये तेव्हा भल्या पहाटेची वेळ होती, पण एल्साने लगेच घेतला. दोघी पहिल्यांदा बोलत होत्या. विजयाताईंनी आधी तिची झोप मोडल्याबद्दल माफी मागितली. मग माझा कागद समोर धरून त्या एकेक ओळ इंग्लिशमध्ये वाचू लागल्या आणि प्रत्येक ओळीनंतर थांबून विचारू लागल्या, "इज दॅट करेक्ट?"

मी समोर बसून ऐकत होते. आगगाडी बरोबर होती. बस बरोबर होती. काठीचंही बरोबर होतं. शेवटची ओळ वाचून त्यांनी तोच प्रश्न विचारला आणि पलीकडून एल्सा 'येस' म्हणाली. मग विजयाताईंनी माझ्याकडून पेन मागून घेतलं आणि त्या ओळीपुढे बरोबरची खूण केली.